कोणाला परत पाठवलंस?

दत्ताभाऊ गेल्याचं मला क्लबच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कळलं. सकाळचे सव्वाआठ वाजले असतील. ग्रुपवर रोजच्यासारखं कोणीतरी गुलाबाचं फूल आणि 'शुभ सकाळ' टाकलं होतं, आणि त्याच्याच खाली आमचे अध्यक्ष हसमुखभाई यांचा मेसेज... 'आपले दत्ताराम परब पहाटे गेले. अकरा वाजता नेणार आहेत.' मी तेव्हा आमच्या गाळ्यात उभी होते. माझा फराळाचा धंदा आहे, मुलुंड पूर्वेला. चकली, चिवडा, कडबोळी, बारा महिने चालतो. कढईत हरभऱ्याची डाळ भाजत होते, हातात कालथा तसाच राहिला. मेसेज दोनदा वाचला. आणि मला सगळ्यात पहिलं काय वाटलं ते आधी सांगून टाकते, कारण ते लपवून पुढचं लिहायचं तर न लिहिलेलं बरं. मला हायसं वाटलं. क्षणभरच, पण वाटलं. माझी एक लबाडी माझ्याशिवाय दोनच माणसांना माहीत आहे अशी माझी समजूत होती. एक माझ्याकडे कामाला असलेली मंगल आणि दुसरे दत्ताभाऊ. मंगल बोलणारी नव्हे. आणि आता दत्ताभाऊही बोलणार नव्हते. मग माझीच मला इतकी शिसारी आली की गॅस बंद करून मी पायरीवर जाऊन बसले. आत डाळ करपल्याचा वास सुटला होता, मंगल काहीतरी विचारत होती, आणि मला रडूही येत नव्हतं.

त्यांचं चष्म्याचं दुकान तुमच्यापैकी मुलुंडच्या कित्येकांनी पाहिलं असेल. दोन माणसं काउंटरशी उभी राहिली की तिसऱ्याने फुटपाथवरच थांबायचं, एवढंसं. मूळचे कुडाळकडचे. वडील परळला गिरणीत होते, ती बंद पडली तेव्हा हे गिरगावात एका चष्मेवाल्याकडे काचा घासायला लागले होते. तिथे हात बसला, मग मुलुंडला आले आणि इथलेच झाले. बुटके, गोल, शर्टाचे वरचे एक बटण कायम उघडे. साधुसंत वगैरे मुळीच नव्हते, ते मी कोणाला म्हणू देणार नाही. महा खवचट माणूस. मीटिंगमध्ये भाषण लांबलं की मान छातीवर टाकून झोपायचे, आणि भाषण संपलं की डोळे उघडून नेमका त्यातलाच एखादा मुद्दा खोडून काढायचे. मुलुंडच्या बाजारातल्या सुरमईला नावं ठेवायचे आणि दर बुधवारी तीच आणायचे. हरल्यावर कबूल करणं ठाऊकच नव्हतं. पण चष्मा विकायला बसलेला हा माणूस दिवसाकाठी चार लोकांना तरी 'तुला चष्मा नको' सांगून घरी धाडायचा.

त्यातली एक मी. पंधराएक वर्षांपूर्वीची गोष्ट. धंदा नवा होता, दिवसभर पिठात आणि तेलात उभी असायचे, आणि संध्याकाळी सगळं धुरकट दिसायला लागलं. नंबर वाढला म्हणून मी त्यांच्या दुकानात गेले. तपासलं, माझा चष्मा हातात घेऊन उजेडात धरला, आणि म्हणाले, "तुझे डोळे होते तसेच आहेत. काचेवर तेलाचा थर बसलाय. भांडी घासतेस ना, त्याच साबणाने रोज हाही धू. जा." मी चिडले. म्हटलं, अहो, मला नवी फ्रेमही घ्यायची आहे. तर म्हणाले, "तेलाच्या कढईसमोर कोण बघणार आहे तुझी फ्रेम? भाचीच्या लग्नाला जाशील तेव्हा घे." माझा चष्मा त्यांनी स्वतःच्या साबणाने धुऊन, पुसून हातात दिला. सगळं लख्ख दिसायला लागलं आणि राग मात्र घरी पोचेपर्यंत गेला नाही. दोन महिन्यांनी तेच माझ्या गाळ्यात आले आणि म्हणाले, आमच्या क्लबात ये, बायका कमी आहेत आणि बोलणारी तर एकही नाही.

क्लब म्हणजे फार मोठं काही डोळ्यासमोर आणू नका. महिन्याच्या दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी संध्याकाळी साडेसहाला आम्ही वीस-बावीस धंदेवाले एका शाळेच्या पहिल्या मजल्यावर, चौथीच्या वर्गात भरतो. बाकं लहान मुलांची, त्यामुळे टाइल्सचा व्यापार करणाऱ्या हसमुखभाईंसारख्या धिप्पाड माणसाचे गुडघे पार हनुवटीला टेकतात. रक्तदान, डोळ्यांची शिबिरं, शाळेला पंखे, अशी कामं करतो. आणि प्रत्येक मीटिंगमध्ये चहाच्या आधी 'धंद्यातली मूल्यं' या नावाखाली सभासदांनी बोलायचं, अशी पहिल्यापासूनची पद्धत. मी गेले तेव्हा सगळे एकासारखं एक बोलत. ग्राहक हा देव, प्रामाणिकपणा हेच भांडवल, सचोटी, सेवा... ऐकून कान किटायचे. एका शनिवारी दत्ताभाऊ झोपेतून जागे झाल्यासारखे उभे राहिले आणि म्हणाले, "आपण सगळेच एवढे चांगले आहोत, तर मुलुंडात लोकांना फसवतं कोण?" कोणी हसलं, कोणाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. ते म्हणाले, "विकायला काय, सगळ्यांनाच येतं. हातात आलेलं गिऱ्हाईक तुम्ही कधी परत पाठवलंत, कोणाला पाठवलंत, का पाठवलंत, तेवढं सांगा. मूल्यबिल्य त्यातच आलं."

आणि तीच पद्धत पडली. दर मीटिंगला ठरलेले दोघे-तिघे उभे राहायचे आणि दत्ताभाऊ पहिल्या बाकावरून मागे वळून विचारायचे, कोणाला परत पाठवलंस? खरं सांगते, पहिली दोन वर्षं त्या वर्गात मी जे ऐकलं ते मला कुठल्या पुस्तकात मिळालं नसतं. हसमुखभाईंनी एका घरमालकाला गुळगुळीत टाइल्स द्यायला नकार दिला होता, कारण त्या घरात काठी घेऊन चालणारी आई होती. एका वायरमनने एसी लावायला नकार दिला, जुन्या चाळीची वायर तो भार पेलणार नव्हती. त्या माणसाने दुसऱ्याकडून लावून घेतला आणि वर ह्याला शिव्या घातल्या. दत्ताभाऊंची स्वतःची एक गोष्ट मला फार आवडायची. एक बाई मुलीला घेऊन आल्या, डोकं दुखतं म्हणून. तपासलं तर नंबर काहीच नाही. त्यांनी आईला पाणी आणायच्या निमित्ताने बाहेर काढलं आणि मुलीला विचारलं, काय गो, खरं काय? तर तिच्या जिवलग मैत्रिणीला चष्मा लागला होता, म्हणून हिलाही हवा होता. दत्ताभाऊंनी तिला एक रिकामी फ्रेम घालून आरशात बघू दिलं, आई आल्यावर फ्रेम काढून घेतली आणि सांगितलं, हिला उन्हात फिरवू नका. मुलीचं गुपितही राहिलं आणि चष्माही वाचला.

पण कुठलीही पद्धत जुनी झाली की तिची हौस होते. पुढे पुढे आमच्यात चढाओढ लागली. पाळी आली की प्रत्येकाकडे गोष्ट तयार असायची, आणि मागच्याच्या गोष्टीपेक्षा ती थोडी मोठी असायची. मीही त्यात होते. आता मी जे सांगते आहे ते चार वर्षांपूर्वीच्या दिवाळीचं. एका मोठ्या कंपनीने सगळ्या कामगारांसाठी चकल्यांची ऑर्डर दिली, तीही ऐन वेळेला. भाजणी दळून आणली ती रात्रीपुरती पसरून गार करायला हवी होती. गिरणीतून पीठ येतं ते हाताला चटका देईल असं गरम असतं, हे आमच्या धंद्यात पोरीबाळींनाही माहीत. तसं गरम पीठ बंद केलं की झाकणाला आतून पाणी सुटतं आणि सगळ्या पिठाला कुबट वास लागतो. मंगल म्हणालीसुद्धा, ताई, पसरते मी. मी म्हटलं, जागा कुठाय, भर पिंपात आणि लाव झाकण. चार दिवसांनी पिंप उघडलं तेव्हा ओल्या गोणपाटासारखा वास आला. मंगलने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, ओवा वाढव, तिखट वाढव, तीळ दुप्पट घाल. त्या पिंपातली सगळी चकली मी तळली आणि सगळी विकली. कंपनीला गेली, दुकानात गेली, घरोघरी गेली. दत्ताभाऊ अर्धा किलो घेऊन गेले, तेही त्यातलीच.

दिवाळीनंतरच्या मीटिंगला माझी पाळी होती. सांगण्यासारखं काही नव्हतं, त्या गडबडीत मी कोणाला परत पाठवते! माझ्या आधीच्या माणसाने अशी काही गोष्ट सांगितली की सगळा वर्ग गप्प झाला होता. मी उभी राहिले आणि माझ्या तोंडून निघालं, "ऐन दिवाळीत माझी पिंपभर भाजणी बिघडली. गरम पीठ भरल्यामुळे. मी सगळी फेकली." बोलता बोलता मला रंग चढला. कंपनीला फोन करून अर्धीच ऑर्डर देईन म्हणाले, हेही सांगितलं. मंगलच्या डोळ्यांत पाणी आलं, हेही घातलं... मला आजही कळत नाही मी हे का केलं. कोणी मागितलं नव्हतं. मला वाटतं, आपण जे करायला हवं होतं ते मी मोठ्याने बोलून पाहिलं, आणि ऐकायला इतकं छान वाटलं की ते खरंच झालंय असं मी धरून चालले. टाळ्या पडल्या. हसमुखभाईंनी ते क्लबच्या पत्रिकेत छापलं, माझ्या फोटोसकट. पत्रिका वाचून दोन सोसायट्यांनी कायमची ऑर्डर दिली. आणि मी, तोंड वर करून, नवीन पाकिटांवर छापून घेतलं, 'बिघडलेला माल आमच्या दारातून बाहेर पडत नाही.' तुमच्यापैकी कोणाच्या घरी ते पाकीट आलं असेल, तर वाचलं असेल.

सगळे टाळ्या वाजवत असताना दत्ताभाऊंचे हात मांडीवरच होते, ते मी पाहिलं होतं. चोराच्या मनात चांदणं. सोमवारी दुपारी ते गाळ्यात आले. मंगल जेवायला गेली होती. स्टुलावर बसले, पाणी प्यायले, आणि सरळ म्हणाले, "भाजणी फेकलीस म्हणालीस. मग आमच्या घरी आली ती चकली कसली होती?" मला ओरडता आलं असतं, रडता आलं असतं, चूक झाली म्हणता आलं असतं. मी म्हटलं, "तुम्ही ब्लडप्रेशरच्या गोळ्या खाता, तुमच्या तोंडाला कसलीही चव लागत असेल." त्यांनी माझ्याकडे नुसतं बघितलं. डोळे तपासताना बघायचे ना, पापणी वर करून, तसं. मग म्हणाले, "बरां. मी कोणाला सांगणार नाही. गोष्ट तुझी आहे, तू सांग. तिथेच सांग, जिथे ती सांगितलीस." आणि उठून गेले. मला इतका संताप आला होता की त्यांनी पाणी प्यायलेला पेला मी आपटून घासला. स्वतःला समजतो कोण हा माणूस, चार काचा घासल्या म्हणून... असं काय काय बडबडत होते. पाच महिने मी मीटिंगला गेले नाही. घरी आजारी माणूस आहे अशी थाप मारली, म्हणजे एका थापेला दुसरी.

परत गेले ती त्यांच्यामुळेच. त्यांनी मला फोन केला आणि त्या गोष्टीबद्दल चकार शब्द न काढता म्हणाले, नेत्रशिबिर आहे, नाव लिहून घ्यायला तुझ्यासारखी भांडकुदळ बाई पाहिजे, नाहीतर लोक रांग मोडतात. मी गेले. दिवसभर त्यांच्या शेजारी खुर्ची टाकून बसले. त्यांनी एकदाही विषय काढला नाही, ना त्या दिवशी, ना नंतर. मी मनात म्हटलं, विसरले. झाकली मूठ सव्वा लाखाची. पण विसरले नव्हते. पाळ्या ठरवायची वही त्यांच्याकडे असायची. दर वेळेला ते नावं वाचायचे आणि शेवटी वहीतून वर बघून विचारायचे, "शुभा, तुझं लावू?" मी म्हणायचे, या वेळेला नको, काम आहे. ते 'बरां' म्हणून वही मिटायचे. चार वर्षं. एवढ्या वेळा मी त्यांना नाही म्हटलं आणि एकदाही त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं नाही. आणि दर दिवाळीला न चुकता माझ्याकडून अर्धा किलो चकली न्यायचे. त्या पाकिटावरची ती ओळ त्यांना दिसू नये म्हणून मी पाकीट उलटं करून पिशवीत सरकवायला शिकले होते. माणूस कशालाही शिकतो.

मागच्या वर्षी त्यांच्या हृदयात स्प्रिंग बसवली. दुकानात बसायचे पण आवाज खाली आला होता. श्रावणाच्या सुरुवातीला मी चष्म्याची दांडी सैल झाली म्हणून गेले, ती आमची शेवटची भेट. दुकानात दुसरं कोणी नव्हतं. त्यांनी बारीक स्क्रू पिळला, चष्मा माझ्या नाकावर बसवून बघितला, परत काढला, परत पिळला. मी म्हटलं, राहू दे दत्ताभाऊ, पडत नाही तो. ते म्हणाले, "पडल्यावर येणार मग माझ्याशी भांडायला." मग वही नसतानाही विचारलं, "शुभा, तुझं लावू काय चौथ्या शनिवारचं?" का कोण जाणे, त्या दिवशी मला खरंच सांगावंसं वाटलं. शब्द अगदी ओठांवर होते. पण दिवाळीच्या ऑर्डरी सुरू होत होत्या, त्या दोन सोसायट्या, ती पाकिटं... मी म्हटलं, "दिवाळी होऊन जाऊ दे. मग लावा. नक्की." ते हसले. "नक्की म्हणालंस हां," एवढंच म्हणाले आणि चष्मा पुसून दिला. चौथा शनिवार यायच्या आत ते गेले.

शोकसभा त्याच वर्गात झाली. बाकांवर जागा पुरली नाही, लोक दारापर्यंत उभे होते. दुकानात ज्यांना त्यांनी चष्मा विकला नाही असे कितीतरी. पुढच्या बाकावर त्यांच्या पत्नी सुनंदावहिनी बसल्या होत्या. हसमुखभाईंनी बोलायचं काम माझ्यावर टाकलं होतं, कारण माझी भाषा चांगली आहे म्हणे. मी दोन पानं लिहून नेली होती. त्यात 'सचोटीचा दीपस्तंभ' असंसुद्धा होतं, आता सांगायला लाज वाटते. मी पहिलं वाक्य वाचलं, दुसरं वाचलं, आणि समोर वहिनी माझ्याकडे टक लावून बघत होत्या. मला वाटलं, हा माणूस असता तर या वाक्याला झोपला असता. मी कागद खाली ठेवले. म्हटलं, "मला दुसरंच सांगायचं आहे. चार वर्षांपूर्वी इथे उभं राहून मी भाजणी फेकल्याची गोष्ट सांगितली होती. ती खोटी होती. मी ती सगळी विकली. दत्ताभाऊंना माहीत होतं. त्यांनी मला इथेच सांगायला सांगितलं होतं, मी सांगितलं नाही." हसमुखभाई अर्धवट उठले, "शुभांगीबेन, आज नको ना, आज ते प्रसंग नाय," असं हळू आवाजात म्हणाले. त्यांचंही बरोबर होतं. मागे कुजबुज सुरू झाली. मी तशीच उभी राहिले.

तेवढ्यात वहिनी बोलल्या. उठल्या नाहीत, बसल्या जागेवरून, घरात बोलावं तशा मालवणीत. "तेंनी ती चकली तोंडात पण घातलेली नाय. तेंका चकली आवडायचीच नाय. दिवाळीक माझ्यासाठी आणायचे." हसमुखभाई खाली बसले. "वास माका इलो. मीच तेंका म्हटलंय, जावा आणि चार माणसांत इचारा तिका. तर म्हणाले, 'ती आपणहून सांगतली.' मी म्हटलंय, 'नाय सांगल्यान तर?' तर म्हणाले, 'तर थांबूया.'" त्यांनी पदराने नाक पुसलं. "चार वर्सा थांबले. मीटिंगवरून इले की मी दर खेपेक इचारायचंय, सांगल्यान काय? म्हणायचे, नाय अजून. माका तेंचोच राग येयचो." आणि मग माझ्याकडे बघून अगदी शांतपणे म्हणाल्या, "सांगलंस, बरां झाला. पण उशीर केलंस गो." एवढंच. कोणी माझ्या पाठीवर हात ठेवला नाही, आणि ठेवला असता तर मला सहन झालं नसतं. मी बाकावर बसले आणि तिथे सगळ्यांसमोर रडले, जे त्या सकाळपासून रडता आलं नव्हतं ते. म्हणजे ही सगळी वर्षं मी समजत होते की दत्ताभाऊ माझं गुपित सांभाळत आहेत. ते घरी जाऊन दर पंधरा दिवसांनी माझी बाजू घेत होते, आणि मी दर पंधरा दिवसांनी त्यांना खोटं पाडत होते.

पुढे जे व्हायचं ते झालं. दोनपैकी एका सोसायटीने या दिवाळीची ऑर्डर काढून घेतली, दुसरीच्या सेक्रेटरीबाईंनी गाळ्यात येऊन पिंपं उघडून बघितली आणि मग ऑर्डर कायम ठेवली. पाकिटावरची ओळ काढली. मंगलला सांगितलं तर ती लाडू वळता वळता म्हणाली, "मला वाटलं तुम्ही विसरलात ताई," आणि मला पहिल्यांदा कळलं की या बाईने चार वर्षं माझ्याबद्दल काय मत घेऊन माझ्याकडे काम केलं असेल. क्लबात काहीजण अजून नीट बोलत नाहीत. त्यांचा राग मी विकल्याचा कमी आणि शोकसभा नासवल्याचा जास्त आहे. एकदोघांचा आणखी कसला तरी आहे, पण त्यांच्या गोष्टींचं काय ते त्यांचं त्यांना माहीत. हसमुखभाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं, आता हे 'परत पाठवलं'चं बंद करून बाहेरचा वक्ता बोलवायचा का. दत्ताभाऊच नाहीत तर विचारणार कोण, हा त्यांचा मुद्दा. मी म्हटलं, मला विचारू नका, मला बोलायचा हक्क नाही.

गेल्या चौथ्या शनिवारी मीटिंगला गेले तेव्हा पहिल्या बाकावर वहिनी बसल्या होत्या. कोणी बोलावलं नव्हतं. मांडीवर दत्ताभाऊंची पाळ्यांची वही होती, आणि डोळ्यांवरचा चष्मा सारखा नाकावरून घसरत होता, कारण तो नीट बसवणारा आता घरात नव्हता. चहाच्या आधी हसमुखभाई घसा खाकरून नवीन काहीतरी सांगणार, तोच वहिनींनी वही उघडली आणि पहिलं नाव माझं वाचलं. मला विचारलं नव्हतं, लावू का म्हणून. मी उभी राहिले. त्या बाकाच्या बेचक्यात गुडघे अडकले, सगळे माझ्याकडे बघत होते. "शुभा," वहिनी मागे वळून म्हणाल्या, "कोणाक परत धाडलंस?" मी पंधरा दिवस आठवून बघितले. भाजणी चांगली झाली होती, पसरून गार केली होती, गिऱ्हाईक आलं तसं घेऊन गेलं होतं. सांगण्यासारखं काही घडलंच नव्हतं. डोक्यात दोन-तीन गोष्टी आपणहून जुळायला लागल्या, त्यांची मला सवय आहे.

"कोणालाच नाही," मी म्हणाले.

त्या वर्गात इतक्या वर्षांत हे उत्तर कोणी दिलं नव्हतं. वहिनींनी पेन्सिलने वहीत काहीतरी लिहिलं, चष्मा वर सरकवला आणि माझ्यामागच्या बाकाकडे बघितलं.